अळिवाचा किल्ला

कागद फ्रिजवर आहे, कलिंगडाच्या चुंबकाखाली :
‘शरद ऋतूत मुलांसोबत करायच्या गोष्टी’.
देवस्थळी मॅडमनी हाताने लिहून दिलाय.
बारा मुद्दे, सुबक तिरकं अक्षर.

पहिला मुद्दा, पानं वेचा, रंगांप्रमाणे लावा.
सकाळी सहाला तळजाईवर गेलो.
पण मॅडम, पुण्यातली पानं ऑक्टोबरात रंग बदलत नाहीत,
धूळ पांघरून बसतात नुसती.
पिवळं पडतं ते गवत, आणि त्याची कुसळं
थेट मोज्यात घुसतात.
कैवल्यने बूट काढले, मोजे काढले
आणि उरलेली टेकडी माझ्या कडेवरून पाहिली.
आठ वर्षांचा आहे. सव्वीस किलो.

दुसरा मुद्दा झेंडूचा.
त्यावर काही लिहीत नाही,
गादीचं कव्हर अजून वाळतंय.

आपट्याची पानं मात्र जमली.
मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू
तंतोतंत एकमेकींवर येतात,
हे त्याला कळलं, आणि मग दुपारभर
दुमड, उघड, दुमड, उघड.
संध्याकाळी नेने आजोबा सोनं द्यायला आले.
त्याने त्यांचं घेतलं, आमचं दिलं नाही,
वर त्यांच्या खिशातली उरलेली चारही काढून घेतली.
आजोबा म्हणाले, सोन्याचा भाव बघता
पोरगं बरोबर वागतंय.

मग किल्ल्याचे दिवस.
पार्किंगच्या कोपऱ्यात पोती, विटा, लाल माती,
बी विंगची सगळी पोरं कोपरापर्यंत चिखलात.
कैवल्य लांब, मीटरच्या खोलीच्या पायरीवर,
कानांवर निळे हेडफोन.
मातीला बोटसुद्धा नाही. मी आग्रह सोडला होता.

कुंभारवाड्यातून मावळे आले, तेवीस.
वर्तमानपत्रातून सुटे होईतो पोरं सरबत प्यायला गेली
आणि परत येऊन बघतात तर
सगळे मावळे एका ओळीत,
गाड्यांच्या पिवळ्या पट्ट्यावर,
उंचीप्रमाणे, तोंडं भिंतीकडे.
इमाद चिडला. बुरुजावर कोण उभं राहणार?
मी पुढे झाले, तोंडात तयार ठेवलेलं वाक्य,
जे मी लिफ्टमध्ये, लग्नात, दवाखान्यात म्हणते.
त्याआधीच पर्णिका म्हणाली,
अरे, गडावर पाणी नाहीये ना!
टँकरची रांग आहे ती.
मग इमादच धावत वर गेला
आणि स्वतःचा टँकर घेऊन आला.

अळीव भिजत घातले होते वाटीत.
दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक गोळा येतो,
बेडकाच्या अंड्यासारखा.
मला किळस येते.
त्याने एक बोट बुडवलं. मग दुसरं.
मग हाताने, स्वतःच्या हाताने,
अख्खी वाटी तटबंदीवर सारवली.

लक्ष्मीपूजनाला आम्ही दोघं न्हाणीघरात होतो,
दार बंद, नळ सोडलेला.
बाहेर माळ लागली की मी तांब्या ओतायची.
चौदा बादल्या झाल्या.
पाणी वाया गेलं म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

नंतर पोरं मामाकडे गेली,
मावळे खोक्यात, टँकर वर.
भोसले वॉचमन झाडू घेऊन विचारतात, ताई, काढू का आता?
पण रोज सात वाजून दहा मिनिटांनी
कैवल्य खाली उतरतो,
इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेऊन.
सदतीस फवारे. अडतिसावा नाही.
भोसले आता किल्ल्याला वळसा घालून झाडतात.

स्वमग्न, असं लिहिलंय फायलीवर.
त्यातल्या ‘मग्न’वर माझं काही म्हणणं नाही.
‘स्व’ कुणी आणि कुठून मोजला, ते विचारायचं राहून गेलंय.

आज थंडी होती थोडी.
अळीव बोटभर उंच, आडवे व्हायला लागलेले.
त्याने तळवा त्यांच्यावर धरला,
दाबला नाही, शेंडे लागतील इतकाच.
मीही धरला शेजारी.
त्याने माझं मनगट पकडलं.
मला वाटलं, झालं, ढकलणार.
त्याने माझा हात उचलला
आणि चार बोटं डावीकडे ठेवला.
तिथे जास्त दाट होतं.